सत्तावीस इंच

वडशात रंगाचं कोर्ट एकच:
ब्रह्मपुरीहून दुपारच्या गाडीनं येणारी फ्लेक्सची गुंडाळी.
ती उलगडली की कळतं
काल रात्री मी स्क्रीनवर काय पाहिलंच नव्हतं.

गेल्या हंगामात ‘हळद लागली उशिरा’ची हळद
गाजराची होऊन आली.
नाकाडे मॅनेजर म्हणाले, चालते बाई,
लोक नाटक पाहाले येतात.
कुंदा कोडापे काही बोलली नाही.
तिचा चेहरा जांभळा आला होता,
मार लागल्यासारखा,
आणि तो चौकात सोळा रात्री उभा होता.

म्हणून नागपूर, सीताबर्डी, दुसरा मजला.
एसी इतका की शालिक पेंटरनी कानाला रुमाल बांधला.
त्यांना मीच नेलं. चाळीस वर्षं नाटकाचे पडदे रंगवले त्यांनी,
जंगल, महाल, पुन्हा तेच जंगल.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसऱ्याचा दिवाळीनंतर.

सगळ्या मॉनिटरवर तेच पोपट उडत होते.
फोर-के आहे मॅडम, पोरगा म्हणाला,
पीस न् पीस मोजता येते.
मी म्हटलं, पोपटाचं नाटक नाही माझ्याकडे.
पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.

बत्तीस इंचांत कुंदा उघडली
आणि तिच्यासोबत माझी सगळी चोरी.
केसांभोवती पांढरी कड, घाईत कापलेली.
गालावर लहानपणच्या मातेचे दोन व्रण होते,
तिथे मी फिरवलेला मऊ ब्रश, पीठ सांडल्यासारखा.
मानेवर एक रेघ:
वर मी दिलेला गोरेपणा,
खाली तिचा रंग.
मागे कुणीतरी वॉरंटी विचारत होतं.
मी झूम कमी केला.

काका पुढे सरकले.
एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.
‘ह्या डोऱ्यानं निळसर दिसते पोरगी,
ह्या डोऱ्यानं पिवरी.
खरी कोनती?’
पोरगा म्हणाला, कॅलिब्रेट करून देतो ना.
काकांनी रुमाल सैल केला. ‘मले?’

अठ्ठावन्न हजार. वर माझं ग्राफिक कार्ड जुनं,
आणि फोर-केवर मेनूची अक्षरं
लाल मुंग्यांसारखी बारीक पळत होती.
मग सत्तावीस इंची, टू-के, मॅट काच,
म्हणजे दुकानासमोरचं ऊन त्यात तोंड पाहणार नाही.
बावीस हजार चारशे. चारशे सोडत नव्हता.
बॅनरच करता ना, तो बिल फाडताना म्हणाला,
रस्त्यावरून पाहाचं, एवढं बारीक कायले?
खरं आहे. एसटी चाळीसच्या वेगानं जाते.
पण कुंदा चौकातून पायी जाते.

परतीच्या गाडीत खोका आमच्या दोघांच्या मांड्यांवर.
नागभीडनंतर दोन्ही बाजूंना धान.
काकांनी कोपरानं ढोसलं: हा हिरवा कोनता, सांग.
मी म्हटलं, सायन पस्तीस, यलो नव्वद.
ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले.
‘लोंबी वाकली, पान अजून आयकत नाही.
त्याचा हाय हा.’
तो आकडा माझ्याकडे नव्हता.

रात्री स्टॅबिलायझर लावला. दोनदा लाइट गेली.
जुन्या फ्लेक्सचा तुकडा बाजूला टाचून
त्याच्यासारखं दिसेपर्यंत स्क्रीन बिघडवत बसले,
मग तिथून उलट मोजत
सुधारत गेले.

कुंदा तालमीहून आली, चेहऱ्यावर अर्धी पावडर.
स्टूल ओढून बसली. स्वतःकडे पाहिलं,
चौकात पाहिलं नव्हतं तेवढ्या जवळून.
मी तिला थर दाखवले: हे खालचं तू,
हे वरचं मी.
प्रत्येक थराशेजारी एक बारीक डोळा असतो,
तो मिटला की थर जातो.
काढू सगळं?

तिनं गालावर बोट ठेवलं, स्क्रीनच्या नाही, स्वतःच्या.
‘हा राहू दे.
डावीकडचा काढ.’